परमुलखातील युद्धाचा वार्ताहर : रसेल आणि विष्णुभट गोडसे

युद्धविषयक चित्रपटांत एक स्वतंत्र प्रकार गेल्या अर्धशतकात रूढ झाला आहे. त्यातील नायक सेनापती नसतो व शिपाईही नसतो. परदेशात चाललेल्या युद्धाची हकीकत आपल्या वृत्तपत्रास कळविण्यासाठी गेलेला तो एक वार्ताहर असतो. त्याच्या हाती शस्त्र नाही, त्या देशाची भाषा त्यास येत नाही, आणि संकट आल्यास त्यास परतीची वाट बहुधा मोकळी असते. १९८४ साली निघालेला रोलंड जॉफे यांचा 'द किलिंग फील्ड्स' हा ह्या प्रकारातील एक नामांकित चित्रपट होय. न्यूयॉर्क टाइम्सचे वार्ताहर सिडनी शॅनबर्ग आणि त्यांचे कंबोडियन सहकारी डिथ प्रान ह्या दोघांची ती सत्यकथा आहे. १७ एप्रिल १९७५ रोजी नॉम पेन्ह पडले. परदेशी मंडळींनी फ्रेंच वकिलातीत आसरा घेतला. परंतु कंबोडियन माणसांस तेथून बाहेर पडावे लागले, आणि त्यांत प्रान होते. शॅनबर्ग स्वदेशी परतले व १९७६ साली त्यांस पुलित्झर पारितोषिक मिळाले. प्रान मात्र ख्मेर रूज राजवटीच्या श्रमछावण्यांत उपासमार सोशीत राहिले आणि १९७९ च्या ऑक्टोबरात सीमा ओलांडून थायलंडमध्ये पोहोचले.

ह्या चित्रपटाने उपस्थित केलेला प्रश्न केवळ कंबोडियाचा नाही. युद्धाची हकीकत जगास कोण सांगतो, आणि ती ज्याच्या घरादारावर कोसळते त्याच्या शब्दास जगाच्या दप्तरात कोणती जागा मिळते, असा तो प्रश्न आहे. इतिहास शिकविणाऱ्यांस तर तो टाळताच येत नाही. आम्ही ज्या ग्वाल्हेर नगरीत हे लिहीत आहोत, तिच्या परिसरातच ह्या प्रश्नाचे एक जुने आणि मराठी वाङ्मयाशी निगडित असे उदाहरण उपलब्ध आहे. १८५८ साली उत्तर हिंदुस्थानात एकाच युद्धाचे दोन साक्षीदार एकमेकांस न भेटता वावरत होते. पहिला लंडनच्या टाइम्स पत्राचा पगारी वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल. दुसरा कुलाबा जिल्ह्यातील पेणनजीकच्या वरसई गावचा भिक्षुक विष्णुभट गोडसे. ह्या दोघांची तुलना करणे, आणि त्या तुलनेतून आपल्या कर्तव्याचा काही बोध होतो काय हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रसेल यांचा जन्म १८२० चा. क्रिमियाच्या युद्धात १८५४-५५ साली त्यांनी धाडलेल्या पत्रांनी इंग्लंडात खळबळ उडाली होती. रुग्णसेवेची दैना, रसदेचा गोंधळ आणि अधिकाऱ्यांचा निष्काळजीपणा त्यांनी निर्भीडपणे उघडा केला. युद्धवार्ताहर हा पेशा त्यांच्यापासून प्रतिष्ठित झाला, असे म्हणावयास हरकत नाही. १८५८ च्या आरंभी ते कलकत्त्यास उतरले, कानपूरमार्गे सरसेनापती सर कॉलिन कॅम्बेल यांच्या छावणीत दाखल झाले आणि मार्चमध्ये लखनौचा पाडाव त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. त्यांची दैनंदिनी १८६० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

रसेल हे विजेत्यांच्या सैन्याबरोबर होते, त्यांच्या पंगतीस जेवत होते आणि त्यांच्याच तंबूत राहत होते, हे खरे. तथापि एवढ्यावरून त्यांस निव्वळ भाट ठरविणे अन्यायाचे होईल. देशी माणसांस मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी आपल्या देशबांधवांस कठोर शब्द सुनावले. कानपूरच्या बीबीघराच्या भिंतीवरील जे लेख मृत इंग्रज स्त्रियांनी लिहिले म्हणून सांगितले जात होते, ते हॅवलॉकच्या सैन्याने शहर घेतल्यानंतर कोणीतरी खरडलेले असावेत, असा निर्वाळा देण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. सूडाच्या आरोळ्यांनी इंग्लंड दुमदुमत असता पुरावा मागणारा हा माणूस होता. त्यांच्या पत्रांचा उपयोग दूरवर झाला. कार्ल मार्क्स व फ्रीड्रिख एंगल्स यांनी न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून पत्रातून हिंदुस्थानच्या युद्धावर जे लेख लिहिले, त्यांस रसेलच्या वृत्तान्ताचा आधार होता. एका वार्ताहराच्या लेखणीतून लखनौची लूट लंडनास आणि तेथून न्यूयॉर्कास पोहोचली, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हे.

मग आपल्याकडील वार्ताहर कोठे होता? मराठी वृत्तपत्रे तोवर नव्हती असे नाही. 'प्रभाकर' १८४१ पासून, 'ज्ञानोदय' १८४२ पासून आणि 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासून निघत होते. परंतु ती पत्रे मुंबई-पुण्याची. रणभूमीवर आपला माणूस धाडण्याइतके त्यांचे बळ नव्हते, आणि बळ असते तरी वाट मोकळी नव्हती. १३ जून १८५७ रोजी लॉर्ड कॅनिंग यांच्या सरकारने मुद्रणालयांवर परवान्याचे बंधन घालणारा कायदा केला. सरकारच्या हेतूविषयी अविश्वास उत्पन्न करणारा मजकूर छापल्यास परवाना रद्द होण्याची तलवार छापखान्यांच्या डोक्यावर टांगली गेली. हा कायदा एक वर्षापुरता होता; पण युद्धाचे मुख्य वर्ष तेच होते. ज्या वर्षी रसेल यांस सरसेनापतींच्या छावणीत मुक्तद्वार मिळाले, त्याच वर्षी देशी लेखणीस कुलूप पडले, हा योगायोग नव्हे. एकाच राज्यव्यवस्थेची ती दोन अंगे होती.

वास्तविक, परमुलखातील युद्धाची बातमी लिहून धाडण्याची कला मराठी माणसास नवी नव्हती. पेशवाईतील वकिलांची पत्रे आणि अखबार म्हणजे एक प्रकारची वार्तापत्रेच होती. दिल्ली दरबारी राहणाऱ्या हिंगणे घराण्याचे दप्तर आज छापून उपलब्ध आहे. त्यात उत्तरेतील घडामोडी पुण्यास कळविण्याची जी शिस्त दिसते, ती कोणत्याही वृत्तसंस्थेस शोभावी. परंतु वकिलाची बातमी धन्यासाठी असे, प्रजेसाठी नसे. राज्य गेले तसा धनी गेला, आणि धनी गेल्यावर ही लेखणीही थंडावली. १८५७ साली उत्तरेत मराठी रियासतीचे अखेरचे पर्व घडत असता तेथे बातमीदार म्हणून नेमलेला एकही मराठी माणूस नसावा, ह्याचे मूळ ह्या दोन गोष्टींत आहे : एक राज्याचा लोप आणि दुसरी मुद्रणाची मुस्कटदाबी.

ती उणीव भरून निघाली ती मात्र अगदीच अनपेक्षित वाटेने. विष्णुभट गोडसे तिशीच्या आसपासचे, घरी कर्ज, वृत्ती भिक्षुकीची. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी वार्ता कानी आल्यावरून ते १८५७ च्या आरंभी काका रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाले. कोकणातील ब्राह्मणास त्या काळी 'हिंदुस्थान' हा परमुलूखच होता. तेथील भाषा वेगळी, अन्न वेगळे, चालीरीती वेगळ्या; नर्मदेपलीकडे गेलेला माणूस परत येईल याची खात्री नसे. म्हणून आम्ही त्यांस परमुलखातील युद्धाचा वार्ताहर म्हणतो, ते केवळ अलंकारिक अर्थाने नव्हे. फरक इतकाच की, रसेल युद्धाच्या शोधात आले होते; विष्णुभट दक्षिणेच्या शोधात निघाले आणि युद्धाने त्यांस गाठले. महूजवळ त्यांची शिपायांशी गाठ पडली, आणि लवकरच उठाव होणार असल्याचे, काडतुसांच्या चरबीचे व धर्म बुडविण्याच्या बेताचे बोलणे त्यांनी त्या शिपायांच्याच तोंडून ऐकले. येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थबकावयास हवे. शिपायांत प्रत्यक्ष काय बोलले जात होते, त्यांच्या भीतीचा आकार कसा होता, हे सांगणारे देशी साधन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांत ह्या एका भिक्षुकाच्या स्मृतीचा समावेश होतो.

ग्वाल्हेरीहून पुढे विष्णुभट झाशीस पोहोचले. राणी लक्ष्मीबाईंचा दरबार, त्यांचा व्यायाम, घोड्यावरील रपेट, कधी पुरुषी तर कधी स्त्रीवेषात दरबारी बसणे, थंडीने कुडकुडणाऱ्या गरिबांस कपडे वाटणे, ही सर्व चित्रे त्यांनी जवळून रेखाटली आहेत. त्यात राणीविषयीचा आदर आहे. परंतु आंधळी स्तुती नाही. २१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोज यांचे सैन्य झाशीपुढे आले. १ एप्रिलला बेटवा नदीवर तात्या टोपे यांच्या कुमकेचा पराभव झाला, ३ एप्रिलला शहरावर हल्ला झाला आणि पुढल्या रात्री राणी किल्ल्यातून निसटून काळपीच्या वाटेस लागल्या. विष्णुभट शहरातच अडकले होते.

ह्याच ठिकाणी आमच्या दोन साक्षीदारांची तुलना सर्वांत बोलकी होते. लखनौचा कैसरबाग १४ मार्च १८५८ रोजी पडला; झाशीत इंग्रज सैन्य शिरले ते त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत. दोन्हीकडे लूट झाली. कैसरबागेत रसेल उभे होते. आरसे फोडणारे, पेट्या उचकटणारे, रत्नांच्या ओंजळी भरणारे शिपाई त्यांनी पाहिले व तसेच लिहिले. एका शिपायाने त्यांस लुटीतील दागिना अल्प किमतीत देऊ केला. पण जवळ रोकड नव्हती म्हणून सौदा राहून गेला, हेही त्यांनी प्रांजळपणे नोंदविले आहे. झाशीत विष्णुभट एका घरात दडून बसले होते. तेथे शिपायाने त्यांस काही देऊ केले नाही. जे होते ते मागितले. रस्त्यांतून पडलेली प्रेते, विहिरींत उड्या टाकणारी माणसे, जळणारी घरे, राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची धूळधाण, आणि लुटीचा तो भयंकर क्रम, म्हणजे आधी सोनेरुपे, मग तांबेपितळ, मग कापडचोपड, मग धान्य, हा त्यांनी घरमालकाच्या डोळ्यांनी पाहिला. लूट म्हणजे गोंधळ, अशी आपली समजूत असते. लूट ही पद्धतशीर असू शकते, पलटणीपलटणींत वाटून दिलेली असू शकते, हे ज्याच्या घरी ती चार वेळा येते त्यासच कळते. रसेल यांस ते कळण्याचा संभव नव्हता. कारण त्यांनी लूट दारातून आत जाताना पाहिली, विष्णुभटांनी ती दारातून आत येताना पाहिली.

ह्यावरून विष्णुभट श्रेष्ठ व रसेल कनिष्ठ असा निकाल देण्याची आमची इच्छा नाही. साक्षीदाराची जागा आणि साक्षीदाराची योग्यता ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. रसेल यांच्याजवळ नकाशे होते, तारखा होत्या, सेनापतींचे बेत त्यांस ठाऊक होते, आणि पाहिले ते त्यांनी त्याच रात्री लिहिले. विष्णुभटांनी लिहिले ते घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. त्यांच्या तारखा चुकतात, आकडे फुगतात, कानपूर-लखनौचे प्रसंग ते ऐकीव माहितीवर सांगतात. इंग्रजांनी राजेरजवाड्यांपुढे धर्मविरोधी कलमांची यादी ठेवल्याची कथा ते घडलेली गोष्ट म्हणूनच देतात. तिला इतिहासात आधार नाही; पण ती कथा लोक खरी मानीत होते, ह्या गोष्टीस मात्र आधार आहे, आणि तो आधार म्हणजे स्वतः विष्णुभट. अफवा ही घटना म्हणून खोटी असली तरी कारण म्हणून खरी असते. अफवेवर विश्वास ठेवून माणसे मरणास सिद्ध झाली, हे एकदा मान्य केले की अफवा नोंदविणारा लेखकही इतिहासकाराच्या उपयोगाचा ठरतो.

म्हणून 'माझा प्रवास' वाचताना तीन कप्पे करावेत, असे आम्ही विद्यार्थ्यांस नेहमी सांगतो : लेखकाने पाहिलेले, लेखकाने ऐकलेले, आणि लेखकाने मानलेले. झाशीचा वेढा पहिल्या कप्प्यात जातो. काळपीच्या वाटेवरील विहिरीचा तो हृद्य प्रसंगही त्यातच : धुळीने माखलेल्या, पठाणी पोशाखातील राणी तहानलेल्या अवस्थेत येतात, आणि भटजी पाणी शेंदू लागले असता त्यांस थांबवून, विद्वान ब्राह्मणास हे काम सांगणे योग्य नव्हे म्हणून, स्वतःच दोर हाती घेतात. राज्य गेलेले, पाठीवर शत्रू, आणि तरी रीत सुटलेली नाही! कोणत्याही सेनापतीच्या खलित्यात हा प्रसंग सापडणार नाही; कारण खलिता विहिरीजवळ थांबत नाही.

आता ह्या साक्षीचे पुढे काय झाले ते पाहू. कारण वार्ताहराची हकीकत त्याच्या लेखणीपाशी संपत नाही, ती संपादकाच्या मेजावरून जाते. विष्णुभटांना लिहिते केले ते चिंतामण विनायक वैद्य यांनी. वैद्यांचे नाव मराठी वाचकांस महाभारताचे मीमांसक म्हणून आणि १९०८ च्या पुणे येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून परिचित आहे. ते ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश होते, हे आम्हा ग्वाल्हेरकरांस विशेष आठवते. हस्तलिखित हाती आल्यावरही ते कित्येक वर्षे प्रसिद्ध झाले नाही. विलंबाचे कारण सरकारच्या रोषाची भीती असे सांगितले जाते. अखेर १९०७ साली ते छापले गेले. 'माझा प्रवास अथवा सन १८५७ सालच्या बंडाची हकीकत' हे त्याचे नाव. ज्या वर्षी लंडनमध्ये रसेल निधन पावले, त्याच वर्षी विष्णुभट छापील पानावर प्रथम प्रकट झाले. पण तेव्हा तेही हयात नव्हते. एकास आपली पत्रे लखनौहून पोहोचविण्यास काही आठवडे लागले. दुसऱ्याची बातमी वाचकांपर्यंत पोहोचण्यास एकोणपन्नास वर्षे लागली.

ती पोहोचली तीही जशीच्या तशी नव्हे. वैद्यांनी भाषा संस्कारित केली आणि काही मजकूर गाळला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदार यांनी पुण्याच्या व्हीनस प्रकाशनाकडून १९६६ साली प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे विष्णुभटांचा स्वतःचा आवाज मराठी वाचकांनी ऐकला. सुमारे साठ वर्षे महाराष्ट्र ज्यास विष्णुभट समजत होता, ते वैद्यांनी वेणीफणी केलेले विष्णुभट होते.

वैद्यांस दोष द्यावा काय? आमच्या मते येथे दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. १९०७ चे वर्ष डोळ्यांपुढे आणावे. उठावास पन्नास वर्षे पूर्ण होत होती. त्यानंतर वर्षभरातच केसरीतील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली. अशा काळात इंग्रज सैन्याने झाशीत केलेल्या कत्तलीचे वर्णन मराठीत छापणे, हेच धाडस होते. शिवाय वैद्य नसते तर हे हस्तलिखित मुळात लिहिलेच गेले नसते. लिहिण्याची बुद्धी देणे, कागद जपणे, आणि ते प्रसिद्ध करणे, ह्या तिन्ही गोष्टींचे श्रेय त्यांचे आहे. तथापि भाषा सुधारणे आणि साक्ष सुधारणे यांतील सीमारेषा सूक्ष्म असते. भिक्षुकाची बोली, त्याची लांबण, त्याचे संकोच न धरता सांगितलेले प्रसंग, हे सर्व मिळून त्याची विश्वसनीयता घडत असते. साक्षीदार सुशिक्षितासारखा बोलू लागला की, श्रोत्यास ते ऐकण्यास गोड लागते. पण न्यायासनास संशय येतो. वैद्य हे स्वतः न्यायाधीश असल्यामुळे ही गोष्ट त्यांस आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. भीतीपोटी गाळलेले आम्ही क्षम्य मानतो. अभिरुचीपोटी गाळलेले मात्र क्षम्य मानणे आम्हांस कठीण वाटते, कारण सरकार बदलते, परंतु गाळलेली ओळ वाचक मागणारही नाही.

अशी साक्ष मुळीच नसेल तर काय होते, याचे उत्तर शोधण्यास आम्हांस किला गेटपलीकडे जावे लागत नाही. किल्ल्याच्या पायथ्याचा हा भाग म्हणजे जुने ग्वाल्हेर. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० नंतर वाढलेले लष्कर दक्षिणेस, मुरारची छावणी पूर्वेस, आणि येथे आलमगिरी दरवाजा, गुजरी महाल व वर हाथी पोलाकडे जाणारी चढण. १ जून १८५८ रोजी रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई यांच्यापुढे जयाजीराव शिंद्यांची बहुतेक फौज फुटली व महाराज आग्र्यास गेले. १६ जूनला रोज यांनी मुरार घेतले. पुढे कोटा की सराय येथील लढाईत राणी धारातीर्थी पडल्या. २० जूनच्या सकाळी मुंबई लष्कराच्या २५व्या देशी पायदळ पलटणीतील रोज व वॉलर ह्या दोन तरुण अधिकाऱ्यांनी मूठभर शिपाई आणि एक लोहार यांच्या साह्याने किल्ल्याचे दरवाजे एकामागून एक फोडले. त्यात रोज हा अधिकारी मारला गेला आणि किल्ला पडला. तो इंग्रजांच्या ताब्यात राहिला आणि १८८६ साली झाशीच्या बदल्यात शिंद्यांस परत मिळाला.

हे सर्व आपणांस कोणाच्या लेखणीतून कळते? इंग्रज अधिकाऱ्यांच्या. दरवाजे फोडणाऱ्यांत अधिकाऱ्यांची नावे आहेत. लोहार प्रचलित वृत्तान्तांत लोहार एवढाच उरला आहे. किल्ल्यात अखेरपर्यंत लढलेले कोण होते, पायथ्याच्या वस्तीत त्या सकाळी दारे लावून कोण बसले होते, त्यांच्या घरी लूट किती वेळा आली, हे सांगणारा विष्णुभट येथे नव्हता. स्वतः विष्णुभट त्या वेळी ग्वाल्हेरीत नव्हते. काळपीनंतर त्यांची वाट चित्रकूटाकडे वळली होती आणि राणीच्या अखेरीविषयी त्यांनी लिहिले ते ऐकून लिहिले. साक्षीदाराच्या अभावाचा परिणाम इतका की, राणीच्या मृत्यूची तिथीसुद्धा इंग्रज लेखक १७ जून देतात आणि फूलबागेतील समाधीवर आदरांजली १८ जूनला वाहिली जाते. झाशीच्या चार दिवसांविषयी एक भिक्षुक जितके सांगून गेला, तितके ग्वाल्हेरच्या वीस दिवसांविषयी कोणी नगरवासी सांगून गेला असता, तर आमच्या नगरीचा इतिहास आज निराळा लिहिला गेला असता.

आता पुन्हा चित्रपटाकडे वळू. १८५७-५८ च्या युद्धास कॅमेरा अपरिचित नव्हता. फेलिचे बेआटो हा छायाचित्रकार १८५८ साली लखनौस आला. सिकंदरबागेच्या आवारात पसरलेल्या हाडांचे त्याचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. परंतु ती कत्तल १८५७ च्या नोव्हेंबरातील, आणि चित्रासाठी ती हाडे मुद्दाम मांडली गेली असावीत, असे अभ्यासक मानतात. म्हणजे युद्धाचे चित्र आणि युद्धाचा देखावा यांतील घोटाळा कॅमेऱ्याच्या बालपणापासून चालत आला आहे. चलच्चित्राने तो वाढविला. सोहराब मोदी यांनी १९५३ साली 'झाँसी की रानी' हा भव्य रंगीत चित्रपट काढला. टेक्निकलर पद्धतीने निघालेला तो पहिला हिंदी चित्रपट. राणीची भूमिका मेहताब यांनी केली आणि छायालेखनासाठी हॉलिवुडहून अर्नेस्ट हॅलर यांस आणले. एवढा खर्च करूनही तो चित्रपट चालला नाही. ह्या अपयशाची कारणे धंद्याची असतील. आम्ही त्यात शिरत नाही. परंतु अशा सर्वच वीरपटांत एक गोष्ट समान आढळते : कॅमेरा राणीबरोबर किल्ल्यातून उडी घेतो आणि घोड्यामागे धावतो. शहर मागे राहते. त्या शहरात दाराला कडी लावून बसलेली माणसे पडद्यावर क्वचितच येतात.

'द किलिंग फील्ड्स'चे सामर्थ्य कशात आहे, हे ह्यावरून लक्षात येईल. त्या चित्रपटाचा उत्तरार्ध वार्ताहर निघून गेल्यानंतरचा आहे; कॅमेरा मागे राहिलेल्या माणसाबरोबर थांबतो. प्रान यांची भूमिका करणारे हाइंग न्गोर हे व्यवसायाने वैद्य आणि स्वतः त्या छावण्यांतून वाचलेले. त्यांस ऑस्कर पारितोषिक मिळाले, ते केवळ अभिनयास मिळाले असे म्हणवत नाही. आपल्याकडील युद्धपटास हा धडा घेण्याजोगा आहे. विष्णुभटांची हकीकत हिंदीत अमृतलाल नागर यांनी आणली, अलीकडच्या काळात तिची इंग्रजी भाषांतरेही झाली. म्हणजे साहित्य उपलब्ध नाही अशी सबब उरलेली नाही. काका-पुतणे दोन भिक्षुक, दक्षिणेची आशा, वाटेत पेटलेला मुलूख, वेढलेले शहर, आणि अखेर धनाऐवजी खांद्यावर गंगेची कावड घेऊन वरसईस परतणे व त्या उदकाने आईवडिलांस स्नान घालणे : ह्याहून साधे आणि ह्याहून भेदक युद्धकथानक कोणते असू शकेल?

परंतु चित्रपट निघो वा न निघो, शिक्षकाचे काम त्यावाचून अडत नाही. वर्गात १८५७ शिकविताना रसेलचे एक पान आणि विष्णुभटांचे एक पान शेजारी ठेवावे. कैसरबागेची लूट एकीकडे, झाशीची लूट दुसरीकडे. मुलांस विचारावे : लिहिणारा कोठे उभा आहे? त्याने हे पाहिले की ऐकले? त्याच दिवशी लिहिले की पुष्कळ वर्षांनी? त्याच्या आणि आपल्यामध्ये कोणाचा हात फिरला आहे? हे चार प्रश्न मुलांस विचारता आले, तर त्यांस इतिहास आला असे आम्ही समजू. तारखा पुस्तकात आहेतच. आजच्या युद्धांची चित्रे घरोघरी क्षणार्धात पोहोचतात, आणि त्यांतील कोणते चित्र सिकंदरबागेच्या हाडांसारखे मांडलेले आहे हे ओळखण्याची पाळी आता प्रत्येक विद्यार्थ्यावर येते. त्या कामी वरसईचा हा भिक्षुक त्यास टाइम्सच्या वार्ताहराइतकाच उपयोगी पडेल.

आमच्या अकादमीस व तिच्या सभासदांस ह्या निमित्ताने एक विनंती करावीशी वाटते. ग्वाल्हेर, झाशी, इंदूर, सागर, कानपूर, काशी येथील मराठी घराण्यांत अजूनही जुन्या पेट्या आहेत. त्यांत यात्रेच्या वह्या, हिशेबाचे कागद, मोडीतील पत्रे असण्याचा संभव आहे. लिहिणारा पंडित नव्हता, त्याची भाषा शुद्ध नाही, एवढ्यावरून ते कागद टाकाऊ समजू नयेत. ते मिळाल्यास जसेच्या तसे उतरून घ्यावेत. टीपा वाटेल तेवढ्या जोडाव्यात, पण ओळ गाळू नये. वैद्यांनी जे जपले त्याबद्दल त्यांचे ऋण मानून, पोतदारांनी जे केले त्याचे अनुकरण करावे. किला गेटच्या वस्तीतील त्या जूनच्या सकाळची साक्ष अशाच एखाद्या पेटीत पडून असेल, तर ती शोधण्याचे काम बाहेरून कोणी वार्ताहर येऊन करणार नाही. ते आपलेच आहे.